दाखला भिवंडीत, मुलगी सोलापुरात

२०२३ च्या दिवाळीची सुट्टी संपल्यापासून पुढच्या फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत सोलापूरच्या पूर्व भागातली एक अकरा वर्षांची मुलगी कुठल्याच वर्गात बसलेली नव्हती. ती सहावीत होती. घरापासून चालत दहा मिनिटांवर अनुदानित शाळा होती आणि तिथे सहावीच्या दोन तुकड्या होत्या. सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क देणारा कायदा लागू होऊन तेरा वर्षं उलटली होती. मुलीला शिकायचं होतं, आई रोजगार बुडवून शाळेच्या पायऱ्या चढत होती. तरी प्रवेश मिळायला तीन महिने लागले.

हे तीन महिने कुणामुळे गेले, हे मला नीट मांडायचं आहे. अशी प्रकरणं आमच्या भागात दरवर्षी होतात आणि दरवेळी दोष आईबापांच्या माथी मारला जातो: "त्यांनाच पोरांच्या शिक्षणाचं पडलेलं नाही." मी या वस्तीत संध्याकाळची अभ्यासिका चालवते. ही मुलगी धाकट्या भावाला सोडायला यायची आणि दारात उभी राहून आतला फळा वाचायची. चौकशी केली तेव्हा प्रकरण कळलं. कुटुंबाची आणि शाळांची नावं, तसंच ओळख पटेल असे तपशील इथे दिलेले नाहीत.

घर

आईवडील दोघंही मूळचे सोलापूरचे, तेलुगू बोलणाऱ्या विणकर घरांतले. लग्नानंतर वडील भिवंडीला यंत्रमागावर गेले. पूर्व भागातल्या कितीतरी घरांची ही ठरलेली वाट आहे: इथलं काम कमी झालं की भिवंडी, तिथलं तुटलं की परत सोलापूर. भिवंडीतल्या मालकाने जुने माग भंगारात काढले आणि वडिलांचं काम गेलं. मुलं तिथे कमी फीच्या एका खासगी, विनाअनुदानित इंग्रजी शाळेत होती. फी आधीच थकली होती. दिवाळीला आई दोन्ही मुलांना घेऊन माहेरी आली, ती परत गेली नाही. वडील महिन्याभराने आले आणि अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात लागले.

तोवर घर चाललं ते विड्यांवर. आजीच्या नावाचं विडी कामगाराचं कार्ड होतं, त्यावर मायलेकी दोघी वळू लागल्या. भिजवलेली तेंदूची पानं पत्र्याच्या मापावर धरून कात्रीने कापायची, तंबाखू पसरायचा, पान वळायचं, तोंड दुमडायचं, दोरा बांधायचा. मजुरी दर हजार विड्यांमागे. तयार विड्या सकाळी कारखान्यात नेऊन द्यायच्या, तिथे तपासणी होते, कच्च्या निघालेल्या बाजूला काढल्या जातात, आणि दुसऱ्या दिवसाची पानं-तंबाखू घेऊन बाई दुपारी घरी येते. शाळेच्या ऑफिसात क्लार्क भेटण्याची वेळही नेमकी हीच. म्हणजे शाळेत जायचं तर कारखान्याचा खाडा. मुलांच्या शाळेसाठी फेऱ्या मारणं वाचायला सोपं वाटतं. या घरात प्रत्येक फेरीची किंमत त्या दिवशीची चूल होती.

मुलगी घरीच होती म्हणून दोरा बांधायला बसली. मी तिला विचारलं, दिवसभर काय करतेस? ती म्हणाली, "अक्का, मी दोरा बांधले की अम्माच्या विड्या दोनशे जास्त होतात." अकरा वर्षांच्या मुलीने हा हिशेब कुणी न शिकवता मांडला होता. तिची बोटं तंबाखूने पिवळी पडायला लागली होती. विडी वळणं हे १९८६ च्या बालकामगार कायद्याच्या यादीत पहिल्यापासून आहे, आणि २०१६ च्या दुरुस्तीने घरच्या कामात मुलांनी हातभार लावण्याची जी सवलत दिली, तिच्यातून धोकादायक कामं वगळलेली आहेत. सोलापुरात पूर्वी अशा मुलांसाठी राष्ट्रीय बालकामगार प्रकल्पाच्या विशेष शाळा चालायच्या. २०२१ मध्ये तो प्रकल्प समग्र शिक्षा अभियानात विलीन झाला. म्हणजे आता अशा मुलीला सावरायची जागा एकच उरली आहे, नेहमीची शाळा.

दोन भावंडं, दोन वागणुकी

धाकटा भाऊ दुसरीतला. त्याला आई जवळच्या महापालिकेच्या शाळेत घेऊन गेली. तिथल्या मुख्याध्यापिकेने जन्माचा दाखला बघितला आणि म्हणाल्या, "शाळेचा दाखला येईल तेव्हा येईल, पोरगं बसू दे." त्याच दिवशी दुपारी तो वर्गातल्या मुलांबरोबर खिचडी खात होता. कायद्याची अंमलबजावणी म्हणतात ती हीच, आणि तिला पाच मिनिटं लागली.

पण ती शाळा चौथीपर्यंतचीच. सहावीसाठी दुसरीकडे जाणं भाग होतं. महापालिकेची सातवीपर्यंतची शाळा अक्कलकोट रोडच्या पलीकडे. नियमाने अंतर बसत होतं, कारण महाराष्ट्राच्या नियमांत पाचवीपर्यंत एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटर असं शेजारच्या शाळेचं माप आहे. पण ट्रकच्या वर्दळीतून मुलीला रोज एकटीने रस्ता ओलांडायला लावणं आईला पटेना, आणि मला तिचं म्हणणं रास्त वाटतं. मग राहिली ती अनुदानित शाळा.

तिथल्या क्लार्कचं पहिलं उत्तर होतं, "दाखला आणा, मग बघू." आईने भिवंडीला फोन लावला. त्या शाळेने सांगितलं, बाकी भरा आणि दाखला घेऊन जा. बाकी पाच आकडी होती. आई परत गेली तेव्हा उत्तर बदललं होतं: ऑनलाइन ट्रान्सफर आल्याशिवाय नाव चढत नाही. तिसऱ्या वेळी, "वर्षाच्या मधेच कुठं येताव ओ? गड्डा झाल्यावर या, नाहीतर जूनला." सोलापुरात जानेवारीत सिद्धेश्वरांची यात्रा भरते, नंदीध्वज निघतात, गड्ड्याची जत्रा महिनाअखेरपर्यंत चालते, आणि शहरातली बरीच कामं "गड्ड्यानंतर" वर ढकलली जातात. एका मुलीचा वर्गही तसाच ढकलला गेला.

मधल्या काळात आई आणखी एका खासगी शाळेत जाऊन आली. तिथे मुलीला मराठीत दहा ओळी लिहायला सांगितल्या. ती इंग्रजी माध्यमातली, घरात तेलुगू बोलणारी, मराठी बोलते फाडफाड पण लिहिताना अडखळते. चार ओळींवर ती थांबली. शिक्षकांनी आईला बाजूला घेऊन सांगितलं, हिला इथं झेपणार नाही.

यातला एकही नकार कुठे नोंदलेला नाही. सगळे तोंडी. शिक्षण खात्यातल्या कुणी यातल्या कुठल्याही शाळेत जाऊन विचारलं असतं, किती मुलांना प्रवेश नाकारला, तर उत्तर आलं असतं, एकालाही नाही. आणि ते कागदावर खरं ठरलं असतं.

ती हिशेबातच नव्हती

मला सगळ्यांत जास्त अस्वस्थ केलं ते पुढच्या गोष्टीने. भिवंडीच्या शाळेने दाखला दिला नाही, म्हणजे तिचं नाव तिथल्या पटावर तसंच राहिलं. विद्यार्थ्यांच्या नोंदीच्या ऑनलाइन प्रणालीत ती भिवंडीतल्या सहावीची विद्यार्थिनी होती. राज्यात शाळाबाह्य मूल कुणाला म्हणायचं याची व्याख्या आहे: जे मूल शाळेत दाखल नाही, किंवा दाखल असून सलग महिनाभर गैरहजर आहे. या व्याख्येत ती बसत होती. पण तिची गैरहजेरी भिवंडीने कळवायची होती आणि ती राहत होती सोलापुरात. भिवंडीच्या दृष्टीने ती फी बुडवून गेलेल्या घरातली मुलगी, सोलापूरच्या दृष्टीने दुसऱ्या जिल्ह्याची. दोन शहरांच्या यादीत एकही जागा नाही जिथे "ही मुलगी आज शाळेत नाही" असं लिहिलं जाईल.

शाळाबाह्य मुलांची मोजणी राज्यात झालेली नाही असं नाही. ४ जुलै २०१५ ला एका दिवसात राज्यभर सर्वेक्षण झालं. २०२२ च्या जुलैत मिशन झिरो ड्रॉपआऊट राबवलं. दोन्ही जुलैत. पण आमच्याकडची घरं जुलैत हलत नाहीत, दसरा-दिवाळीनंतर हलतात. राज्यात सर्वाधिक साखर कारखाने असलेल्या जिल्ह्यांत सोलापूर पुढे आहे, तिथे कोयता घेऊन येणारी कुटुंबं ऑक्टोबर-नोव्हेंबरात येतात आणि मार्च-एप्रिलला जातात. माग कामगार, वीटभट्टीवाले, बांधकामावरचे, सगळ्यांची हालचाल हंगामावर. हंगामी स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड आहे (ते दाखवून जाईल तिथल्या शाळेत बसता यावं म्हणून), गावात मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहं आहेत, आणि ऊसतोडीच्या पट्ट्यात त्यांचा उपयोग झालेला मी पाहिला आहे. पण ती योजना मूल परत येणार असं गृहीत धरते. काम कायमचं सुटून शहर बदललेल्या या मुलीच्या हातात भिवंडीने असं कुठलंच कार्ड दिलं नव्हतं.

कायदा कुणाला जबाबदार धरतो

राज्यघटनेत २००२ च्या ८६ व्या दुरुस्तीने कलम २१ क आलं, त्यावर २००९ चा शिक्षण हक्क कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो लागू आहे. आमच्या भागात "आरटीई" म्हटलं की पालकांना खासगी शाळेतल्या पंचवीस टक्के जागांची लॉटरी आठवते. बाकीचा कायदा त्यांच्यापर्यंत पोचलेलाच नाही. त्या पंचवीस टक्क्यांवरही याच प्रकरणाच्या दिवसांत घाला पडला होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलून जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असलेल्या खासगी शाळांना त्यातून सूट दिली. उच्च न्यायालयाने मे महिन्यात तिला स्थगिती दिली आणि जुलैत ती दुरुस्ती रद्द केली.

या मुलीच्या कामाचं होतं ते कलम ५. मुलाला एका शाळेतून दुसरीकडे जावं लागलं तर सरकारी किंवा अनुदानित शाळेत बदली मागण्याचा त्याला हक्क आहे. जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकाने दाखला ताबडतोब द्यायचा आहे, आणि उशीर लावला तर त्याच्यावर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. दाखला यायला वेळ लागला हे कारण सांगून नव्या शाळेने प्रवेश लांबवायचाही नाही आणि नाकारायचाही नाही. थकलेली फी हा शाळा आणि पालक यांच्यातला पैशांचा व्यवहार आहे. त्याची वसुली मुलीच्या दाखल्यावर बसून करता येत नाही. कोरोनाच्या काळात अनेक खासगी शाळांनी असे दाखले अडवले, तेव्हा शिक्षण विभागाने २०२१ मध्ये स्पष्ट केलं की दाखला नसला तरी सरकारी आणि अनुदानित शाळांनी वयाप्रमाणे प्रवेश द्यावा, अगदी दहावीपर्यंत.

"वर्षाच्या मधे" हे कारणही कलम १५ मध्ये संपतं. मुदतीनंतर आलेल्या मुलालाही प्रवेश नाकारता येत नाही, मागे पडलेला अभ्यास शाळेने भरून काढायचा. कलम १४ प्रमाणे वयाचा पुरावा नाही म्हणून परत पाठवता येत नाही. दहा ओळी लिहून घेणं ही कलम १३ ने बंद केलेली चाळणी आहे, पहिल्या वेळी पंचवीस हजारांपर्यंत दंड आणि पुढच्या प्रत्येक वेळी पन्नास हजारांपर्यंत. आधारबद्दल सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ च्या निकालात शाळाप्रवेशासाठी ते सक्तीचं करता येणार नाही असं सांगितलेलं आहे.

कलमं पाठ असून चालत नाही, पण एक गोष्ट प्रत्येक पालकाला आणि त्याहून जास्त प्रत्येक मुख्याध्यापकाला ठाऊक हवी. १९१७ मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं तेव्हा मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड होता. त्या काळात ते आवश्यक होतं, कारण शाळा उघडूनही घरं मुलांना पाठवायला तयार नव्हती. २००९ च्या कायद्याने सक्तीचं ओझं दुसऱ्या खांद्यावर दिलं. कलम ८ मध्ये लिहिलंय की सक्ती म्हणजे मुलाचा प्रवेश, हजेरी आणि आठवीपर्यंतचं शिक्षण पूर्ण होणं, हे सरकारने पाहायचं. कलम ९ स्थानिक प्राधिकरणाला, म्हणजे शहरात महापालिकेला, सांगतं की आपल्या हद्दीतल्या चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांची नोंद ठेवा आणि स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांचा प्रवेश होईल हे बघा. पालकांचंही कर्तव्य कलम १० मध्ये आहे, मुलाला शाळेत घालायचं. या आईने ते केलं होतं. पण भिवंडीहून कागद आणायचं, ऑनलाइन मंजुरी मिळवायचं काम तिचं नव्हतंच. ते एका शाळेने दुसऱ्या शाळेकडून आणि एका कार्यालयाने दुसऱ्या कार्यालयाकडून करून घ्यायचं होतं. विड्यांचं सूप बाजूला सारून तिने जे केलं, ते सगळं पगारी माणसांचं काम होतं.

शाळा अशा का वागतात

त्या अनुदानित शाळेच्या मुख्याध्यापकांशी मी नंतर बराच वेळ बोलले. ते वाईट माणूस नाहीत. त्यांनी जे सांगितलं त्यात तथ्य आहे आणि ते लिहिलं नाही तर हे प्रकरण अर्धवट राहील.

शाळेला शिक्षक किती मिळणार हे संचमान्यतेत ठरतं. त्यासाठी ३० सप्टेंबरचा पट धरतात, आणि त्यातही आधार जुळलेली मुलंच मोजतात. नोव्हेंबरात आलेल्या मुलीने त्या वर्षी एकाही शिक्षकाच्या पदाला आधार मिळत नाही. तिचं आधारवरचं आडनाव आणि जन्मदाखल्यावरचं आडनाव वेगळं, म्हणजे पुढच्या वर्षीही ती मोजली जाईल याची खात्री नाही. जुन्या शाळेने नाव सोडलं नाही तर ती दोन ठिकाणी दिसते, आणि दुबार नाव सापडलं की खुलासा मुख्याध्यापकाला द्यावा लागतो. पूर्वी खोटा पट दाखवून अनुदान लाटणाऱ्या शाळा होत्या, २०११ च्या पटपडताळणीत ते उघड झालं. तेव्हापासून प्रत्येक नावाचा धाक बसला आहे. "मॅडम, पोरगी घेतली तर शंभर प्रश्न मला, नाही घेतली तर एकही नाही," ते म्हणाले.

हे वाक्य मला या सगळ्या प्रकरणाचं मूळ वाटतं. घेणाऱ्यावर जोखीम आहे, नाकारणाऱ्यावर काहीच नाही. बोगस पट रोखणं गरजेचंच होतं. पण त्यासाठी बांधलेली सगळी व्यवस्था एक मूल दोनदा मोजलं जाऊ नये याची काळजी घेते, एकदाही न मोजलेल्या मुलाची नाही. त्या शाळेतल्या माणसांना कलम ५ माहीत नव्हतं असं नाही. प्रशिक्षणात त्यांनी ते ऐकलं होतं. पण ऑनलाइन फॉर्ममध्ये कलम ५ साठी रकाना नाही, दाखला क्रमांकासाठी आहे.

लेखी अर्ज

प्रकरण फिरलं ते भावाच्या शाळेतल्या एका शिक्षिकेमुळे. त्या बालरक्षक म्हणून काम करतात. २०१७ च्या सुमारास राज्यात ही चळवळ सुरू झाली, शाळाबाह्य मुलांना शोधून वर्गात आणण्याची जबाबदारी स्वेच्छेने घेतलेले शिक्षक. मुलाच्या अर्जात बहीण सहावीत असं लिहिलेलं त्यांनी वाचलं आणि विचारलं, मग ती कुठल्या शाळेत जाते? इतक्या साध्या प्रश्नाला इतकं महत्त्व मी देते आहे, कारण तीन महिन्यांत कार्यालयात बसलेल्या कुणी तो विचारला नव्हता.

एका रविवारी आम्ही तिघींनी अर्ज लिहिला. फार नाही, एका पानाचा. मुलीचं वय, आधीची इयत्ता, सोलापुरात कधीपासून राहतो, जुनी शाळा दाखला देत नाही, शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ४, ५ आणि १५ प्रमाणे वयानुरूप वर्गात प्रवेश मिळावा, दाखला आणि ऑनलाइन बदली शाळेने जुन्या शाळेकडून मागवून घ्यावी. सोबत जन्माचा दाखला, भिवंडीचं प्रगतिपुस्तक, आजीच्या घराच्या वीजबिलाची झेरॉक्स. शेवटचं वाक्य बालरक्षक बाईंनी सांगितलं: प्रवेश नाकारायचा असल्यास कारणासह लेखी कळवावं. एक प्रत शाळेला, एक शिक्षण कार्यालयाच्या आवकमध्ये. दोन्हीवर तारखेचा शिक्का घेऊन पोच ठेवायची.

शाळेत क्लार्कने पोच द्यायला नकार दिला. आईने अर्ज टेबलावर ठेवला आणि शांतपणे म्हणाली, "घेत नाही असं तर लिहून द्या ओ साहेब, मी जाते." ती वाचायला फारसं शिकलेली नाही. पण एवढ्या दिवसांत तिला कळलं होतं की आपल्याला दिलेलं एकही उत्तर कागदावर नाही. मुख्याध्यापकांना बोलावलं गेलं. त्यांनी अर्ज वाचला, वर फोन केला, आणि पोच दिली. त्या आठवड्यातच मुलगी सहावीच्या वर्गात बसली.

कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते, तिचा निकाल तीन महिन्यांत द्यायचा असतो आणि त्यावर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील आहे. आम्हाला तिथवर जावं लागलं नाही. जायला लागलं असतं तर वर्ष हातचं गेलंच असतं, कारण तीन महिने ही मुदत कार्यालयाच्या मापाची आहे. शाळेच्या वर्षात तीन महिने म्हणजे अर्ध्याहून जास्त सत्र आणि एक परीक्षा.

ऑनलाइन बदलीही अखेर झाली. जुनी शाळा मंजुरी देत नसेल तर वरच्या पातळीवरून ती करून घेण्याची सोय आहे. ती वापरण्यासाठी नव्या शाळेने लेखी मागावं लागतं, पालकाला तो अधिकारच नाही. शाळेने पत्र पाठवल्यावर काही आठवड्यांत तिचं नाव भिवंडीतून सोलापुरात आलं. जे काम नोव्हेंबरात एका पत्राने सुरू झालं असतं, ते फेब्रुवारीत सुरू झालं.

वर्गात गेल्यावर

प्रवेश मिळाला म्हणजे समान शिक्षण मिळालं असं नाही, हे पुढच्या दिवसांनी दाखवलं. मोफत या शब्दात काय काय येतं ते शाळेगणिक बदलतं. पोषण आहार आणि पाठ्यपुस्तकं दोन्ही भावंडांना, पण गणवेश फक्त सरकारी आणि स्थानिक संस्थांच्या शाळांत मिळतो. त्यामुळे भावाला मिळाला आणि बहिणीला विकत घ्यावा लागला. त्या वर्षी बालभारतीची पुस्तकं चार भागांत निघाली होती. चौथा भाग शाळेकडे शिल्लक होता, पहिले तीन संपलेले. वर्गातल्या मुलींनी आपापले जुने भाग आळीपाळीने तिला घरी नेऊ दिले, कुणी सांगितलं नसताना.

अभ्यास तिला येत होता, फक्त वेगळ्या भाषेत. विज्ञानाच्या तासाला बाईंनी प्रकाशसंश्लेषण म्हटलं तेव्हा ती गप्प बसली. तोच धडा मी फोटोसिंथेसिस म्हणून काढला तर तिने पान, सूर्य, पाणी, सगळं काढून दाखवलं. गणितात ती वर्गातल्या निम्म्या मुलांच्या पुढे होती, मात्र शाब्दिक उदाहरणात अडायची. खासगी शाळेत दहा ओळींवरून "झेपणार नाही" म्हटलेली मुलगी ती हीच. कलम ४ प्रमाणे अशा मुलांसाठी विशेष प्रशिक्षण द्यायचं असतं, तीन महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत. शाळेत त्यासाठी वेगळा शिक्षक नव्हता. वर्गशिक्षिकेने मधल्या सुट्टीनंतरचा एक तास आठवड्यातून काही दिवस तिला दिला, आणि संध्याकाळी अभ्यासिकेत ती मराठी लेखनाला बसू लागली. हे चांगुलपणावर चाललं. हक्काचं शिक्षण चांगुलपणावर चालू नये असं मला मनापासून वाटतं, पण त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही.

एक अडचण मात्र घरातच होती. ती शाळेत जाऊ लागल्यावर रोजच्या विड्या दोनशेने कमी झाल्या. आईने त्यावर एक अवाक्षर काढलं नाही. आजीने काढलं, आणि तेही समजण्यासारखं आहे. विडी कामगारांच्या मुलांना केंद्राच्या श्रम खात्याकडून शैक्षणिक मदत मिळते, पण त्यासाठी आईच्या किंवा वडिलांच्या नावाचं विडी कार्ड लागतं आणि इथे कार्ड आजीचं. आईच्या नावाचं कार्ड काढायचा अर्ज त्यानंतर केला.

पुढचं काम

मुलगी आता आठवीकडे जाते आहे. राज्यात २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे, नापास झाल्यास जूनमध्ये पुन्हा संधी मिळते, त्यात न जमल्यास त्याच वर्गात राहावं लागतं. चौदाव्या वर्षी आणि आठवीला कायद्याचं संरक्षणही संपतं. महाराष्ट्रात मुलींना बारावीपर्यंत फी माफ असल्याने फीची चिंता तेवढी नाही.

कागदाची आहे. भिवंडीच्या प्रगतिपुस्तकावर तिच्या आडनावाचं एक रूप, जन्मदाखल्यावर दुसरं, आधारवर तिसरं. इथल्या शाळेच्या जनरल रजिस्टरला ऑनलाइन आलेलं भिवंडीचंच नाव चढलं आहे. दहावीच्या फॉर्मवर तेच जाईल आणि पुढे जात प्रमाणपत्रापर्यंत तेच अडेल. शाळेतून नाव कमी होण्याआधी ही दुरुस्ती सोपी असते, दाखला घेऊन बाहेर पडल्यावर फार अवघड. म्हणून जन्मदाखल्याप्रमाणे नाव दुरुस्त करण्याचा प्रस्ताव या वेळी शाळेनेच तयार करून शिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवला आहे. आईची फक्त एक सही घेतली, तीही क्लार्कने संध्याकाळी घरी येऊन.